विलायतेचं घड्याळ आणि बेलवंड्याचा भोंगा

माझं कुणी ऐकलं नाही. पहिल्या दिवसापासून ओरडत होते, या पोराच्या हातात भोंगा देऊ नका. गाव म्हणालं, "शालनआक्का, तुम्हांला सगळ्यांचं वाईटच दिसतं." सगळ्यांचं नाही दिसत. एकाचं दिसत होतं. आता ऐका.

बेलवंडे नावाच्या गावात एक भोळा प्रोग्रॅमवाला होता. भोळा हा गावाचा शब्द. माझा शब्द दुसरा आहे, पण ऐकायला लहान मुलं बसलीत, म्हणून भोळाच म्हणू. नाव त्याचं सर्जेराव. नाव तलवार घेतलेल्या माणसाचं, आणि डोक्यात भुसा. तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. सरपंच बबनराव त्याचे सख्खे मामा. पुढचं काय ते समजून घ्या.

आमचं गाव खोऱ्यात. मोबाइलला रेंज नाही. इंटरनेटची तार आली ती पंचायतीच्या हॉलपर्यंत आली आणि तिथंच दमली. गावातली बरीच पोरं विलायतेत. कुणी तिकडं हॉटेलात भांडी घासतं, कुणी दवाखान्यात रुग्ण उचलतं. माझा धाकटा भाऊ दिनकर बस चालवतो. मग पंचायतीनं हॉलमध्ये मोठा पडदा लावला. दर रविवारी विलायतेत सकाळचे आठ वाजले, की पोरं तिकडून फोन करणार, पडदा तो आपोआप उचलणार आणि इकडं आयाबाया पडद्यासमोर बसून बोलणार. पडद्याचा आवाज महिन्याभरात बसला, म्हणून त्याची तार देवळावरच्या भोंग्याला जोडून दिली. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्या गावाला ऐकू यायचं. त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.

सर्जेरावनं प्रोग्रॅम लिहिला. वेळ झाली की भोंगा आपोआप बोलायचा, "तानूबाई, विलायतेहून फोन आलाय, लवकर या." तिकडं सकाळचे आठ म्हणजे इकडं दुपारचे दीड. हिवाळाभर ठीक चाललं. दगडसुद्धा नुसता ठेवून दिला तर ठीकच असतो.

मार्च जवळ आला तसं दिनकरनं पडद्यावरून सांगितलं, "सर्जेराव, इकडं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आमचा फोन तुमच्याकडं तासभर आधी येईल. दीडच्या जागी साडेबारा. प्रोग्रॅममध्ये घाल."

"शेवटचा रविवार?"

"शेवटचा."

सर्जेरावनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. फेब्रुवारीत रविवार चार. शेवटचा चौथा. त्यानं प्रोग्रॅममध्ये लिहिलं, शेवटचा म्हणजे चौथा.

मार्चमध्ये रविवार पाच होते.

चौथ्या रविवारी साडेबाराला भोंगा ओरडला. बाया चुलीवरचं तसंच टाकून पळत आल्या. पडदा काळा. तानूबाईचा लेक हॉटेलात, त्याला आठवड्यातून तेवढाच वेळ. ती बिचारी पदरानं घाम पुसत काळ्या पडद्याकडं बघत बसली. एक तास गेला. सर्जेराव उठला, म्हणाला, "वेळ संपली," आणि हॉलला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून जेवायला गेला. बाया पायऱ्या उतरतायत तोवर भोंग्यातून तानूबाईच्या लेकाचा आवाज आला, "आई? आई, कुठं गेलीस गं?" कुलपाबाहेरून तानूबाई ओरडतेय, "हितं हाय रं बाबा!" त्याला काय ऐकू जातंय!

मी म्हटलं, "बबनराव, हा पोरगा बिनडोक आहे."

सरपंच म्हणाले, "आक्का, कॅलेंडरची चूक. फेब्रुवारीचं पान लवकर उलटायला पाहिजे होतं."

गावानं माना डोलावल्या. कॅलेंडर काढून चुलीत घातलं.

दिनकरनं पुढच्या रविवारी समजावलं. "अरे, चौथा-पाचवा असं धरू नकोस. महिन्याच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत ये. पहिला जो रविवार लागेल, तिथं थांब."

"बरं काका. शेवटून उलटं. रविवार लागला की थांबायचं."

जूनमध्ये आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "सर्जेराव, महिन्याच्या पहिल्या रविवारी लहान मुलांना डोस आहे. भोंग्यावर टाक."

सर्जेरावला धडा पाठ होता. तीस तारखेपासून उलटं मोजत आला. पहिला जो रविवार लागला, तिथं थांबला.

खऱ्या पहिल्या रविवारी नर्सबाई बर्फाची पेटी घेऊन शाळेत बसल्या. भोंगा गप्प. एकही पोर आलं नाही. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं, पाणी व्हरांड्यातून ओघळून बाहेर गेलं, कुत्र्यानं प्यायलं. आणि महिना सरता सरता एका रविवारी भोंगा ओरडला, "डोस घ्यायला या." सगळं गाव काखेत पोरं घेऊन शाळेत. नर्सबाई तालुक्याला आपल्या पुतणीच्या लग्नात जेवत होत्या. शाळेत एवढी पोरं एकदम रडली, तेवढी शाळा असतानाही रडत नाहीत.

"कुणाची चूक?" बायांनी विचारलं.

"नर्सबाईंची," सरपंच म्हणाले. "लग्नाला जायचं होतं तर आधी सांगायचं."

मी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "अहो, त्याला पहिला नि शेवटचा कळत नाही." गाव म्हणालं, "आक्का, भोळा आहे बिचारा."

नर्सबाई परत आल्या त्या त्याच्या अंगावरच आल्या. "अरे शहाण्या! पहिला हवा असेल तर एक तारखेपासून मोजायचं. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. ज्याचा नियम त्याला जाऊन विचार, मग लिही."

"बरं बाई. प्रत्येकाचा नियम वेगळा. ज्याचा त्याला विचारायचं."

ऑक्टोबर आला. आता विलायतेचं घड्याळ पुन्हा मागं येणार होतं. दिनकरनं आठवण केली, "शेवटच्या रविवारपासून फोन पुन्हा दीडला."

सर्जेरावनं विचार केला. प्रत्येकाचा नियम वेगळा. तो सकाळी उठून घरोघर निघाला.

"तानूकाकी, तुमचं घड्याळ कधी बदलतं?"

तानूबाई भाकरी थापत होती. "आमचं पंधरा मिनिटं पुढंच असतंय बाबा. एसटी चुकाय नको म्हणून."

त्यानं प्रोग्रॅममध्ये घातलं, तानूबाई पंधरा मिनिटं पुढं.

महादू न्हाव्याकडं गेला. महादू म्हणाला, "आमच्याकडं घड्याळच न्हाई. आम्ही शाळेच्या घंटेवर चालतो."

"रविवारी?"

"रविवारी कुठली घंटा? रविवारी शाळा बंद."

त्यानं लिहिलं, महादूकडं रविवारी वेळ नसते.

वरच्या आळीच्या गंगूआजी म्हणाल्या, "माझं घड्याळ तुझ्या आजोबांसंगं गेलं." त्यानं विचारलं, "परत कधी येणार?" आजी काय बोलल्या ते मी सांगत नाही.

माझ्या दारात आला. मी म्हटलं, "माझं घड्याळ तुझ्या टाळक्यात घालीन."

"कधी?" म्हणाला.

तो रविवार गावानं बघितला. भोंगा एकेकाला वेगळ्या वेळी बोलवायला लागला. तानूबाई आली तेव्हा फोन यायचा होता. गंगूआजीला बोलावलं तेव्हा फोन होऊन गेला होता. महादूला बोलावलंच नाही. त्याच्या पोराला त्या आठवड्यात तिकडं नोकरीत कायम केलं होतं. ते सांगायला पोरगा भोंग्यातून "बाबा, बाबा" करत राहिला. महादू वस्तीवर एकाची दाढी अर्धी करून धावत आला तोवर पडदा विझला होता. मग बायांची जुंपली. कुणाचं घड्याळ खरं आणि कुणाचं खोटं, यावरून सख्ख्या जावा दिवाळीपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

सरपंच म्हणाले, "गावातली घड्याळंच नाठाळ."

मी म्हटलं, "घड्याळं नव्हे, तुमचा भाचा."

"आक्का, तुमची त्याच्यावर काय खुन्नस आहे?"

ऐकलंत? खुन्नस माझी!

पण त्या दिवशी सरपंचांनाही जरा लाज वाटली असावी. त्यांनी सर्जेरावला समोर उभा केला. "हे बघ, आपल्या देशाचं घड्याळ एकच. ते कधी बदलत नाही. भारताच्या घड्याळाला हात लावायचा नाही. कधीच नाही!"

"बरं मामा. हात लावायचा नाही."

आणि दिनकरही पडद्यावरून वैतागून म्हणाला, "बाबा रे, तू एवढंच ध्यानात ठेव. इथलं घड्याळ बदललं की फोन तासभर उशिरा. बाकी डोकं चालवू नकोस."

"बरं काका. बदललं की उशिरा."

डोकं चालवू नकोस हे मात्र त्यानं आधीपासूनच ध्यानात ठेवलं होतं.

थंडीत वरच्या आळीचे शंकरनाना वारले. त्यांचाही मुलगा विलायतेत. तो धावत आला, दिवस घालायला थांबला. त्याच आठवड्यात गावाची लाइट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर भलताच वार आणि भलतीच वेळ दाखवायला लागला. मी हॉलमध्ये झाडायला गेले होते. मी म्हटलं, "सर्जेराव, अरे आज बुधवार आहे. हा रविवार दाखवतोय. नीट लाव की."

"नाही आक्का. भारताच्या घड्याळाला हात लावायचा नाही."

"अरे पण ते चुकलंय!"

"चुकलं तरी भारताचंच आहे."

मी सरपंचांकडं गेले. ते म्हणाले, "पोरगा आज्ञाधारक आहे, आणि तुम्हांला तेही बघवत नाही."

त्याच दिवशी नदीवर नानांचा दहावा. पिंड मांडला, सगळे लांब सरकून उभे. कावळा काही शिवेना. नानांच्या मुलानं हात जोडून कबूल केलं, आईला विलायतेला नेतो. शिवेना. धाकट्या बहिणीचं लग्न करून देतो. तेव्हा कुठं पिंपळावरून एक कावळा उतरला. टुणटुण करत जवळ आला. चोच वाकवली. आणि देवळावरून भोंगा कडाडला:

"शंकरनाना, विलायतेहून फोन आलाय, लवकर या!"

कावळा उडाला तो थेट पलीकडच्या गावाच्या हद्दीत. नानांची बायको मट्‌कन खाली बसली. दोन म्हातारे नदीत पाय घसरून पडले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला तेव्हा कुठं माणसं घरी गेली.

आता प्रकरण दुःखाचं होतं. त्यामुळे सरपंचांना चौकशी करणं भाग पडलं. चावडीसमोर गाव जमलं. सरपंच म्हणाले, "सर्जेराव, ही कुणाची चूक? नाव सांग!"

सर्जेराव म्हणाला, "मामांची. हात लावू नको असं मामांनी सांगितलं."

सरपंच लालबुंद झाले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाले, "कावळाच भित्रा होता." आणि गाव, देवाशपथ सांगते, गाव म्हणालं, "हां, हल्लीचे कावळे तसेच."

माझं डोकं फिरलं. मी सर्जेरावचा कान धरला. चांगला पिळला. म्हटलं, "मेल्या, चूक तुझी आणि नाव दुसऱ्याचं? यापुढं कुणी 'नाव सांग' म्हटलं की आधी स्वतःचं नाव सांगायचं. मोठ्यांदा. सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे. कळलं?"

"कळलं आक्का. नाव सांग म्हटलं की स्वतःचं. मोठ्यांदा."

आता खरं ऐका.

दिनकरला लग्नानंतर किती वर्षं मूल नव्हतं. नवस झाले, दवाखाने झाले. फाल्गुनात त्याच्या बायकोला, रेवतीला, मुलगी झाली. मी त्याची एकुलती बहीण, म्हणजे त्या पोरीची एकुलती आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो आईचा नाही, बापाचा नाही, सरपंचाचा तर नाहीच. मला विलायतेला जाता येत नव्हतं. तेव्हा ठरलं की बारसं पडद्यावरून करायचं. दिनकर तिकडं फोन बाळाच्या कानाशी धरणार, मी इकडून नाव सांगणार. मी नाव काढून ठेवलं होतं, कोयना. आमच्या माहेरची नदी. आई आम्हां दोघांना तिच्याच पाण्यावर वाढवून गेली. कुणाला सांगितलं नव्हतं. बारशाआधी नाव फोडत नाहीत. आणि कानात एकदा पडलेलं नाव पुन्हा काढत नाहीत, ही आमच्या घराण्याची रीत. चांगलं पडो की वाईट.

दिनकर म्हणाला, "आक्का, मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठला धरू. त्याच दिवशी इकडं घड्याळ बदलतं. सर्जेरावला नीट बजाव."

मी त्याच्या बोकांडीच बसले. "तारीख दाखव."

त्यानं एकतीसपासून उलटं मोजलं. रविवार लागला, थांबला. भिंतीवर नवं कॅलेंडर होतं. मी त्यावर बोट ठेवून बघितलं. तारीख बरोबर! मी त्याच्याकडं बघतच राहिले. म्हटलं, देवा, दगडाला पाझर फुटला की काय?

"आणि वेळ?"

"अडीच."

"अडीच कसे रे?"

"दीडचा फोन असतो. घड्याळ बदललं की तासभर उशिरा. दिनकरकाकांनीच सांगितलंय. बाकी डोकं चालवायचं नाही."

मला मेलं तिथलं तासांचं गणित कधी जमलं नाही. पण मी तडक चावडीवर गेले. मी सरपंचांना म्हटलं, "दिनकरला एकदा विचारून घ्या." ते म्हणाले, "आक्का, तारीख बरोबर आली ना? मग वेळ चुकेल होय? आता तरी पोरावर विश्वास ठेवा." तानूबाई म्हणाली, "व्हय गं शालन, ठेव की जरा." मी ठरवलं, या कुणाचं ऐकायचं नाही. मी तासभर आधीच, दीडला जाऊन बसणार.

रविवार उजाडला. बायांनी हॉल सारवला, रिकामा पाळणा बांधला, झेंडूच्या माळा लावल्या. सर्जेरावनं पडद्यालाही माळ घातली. वर जो लहानसा डोळा असतो, त्यातून तिकडच्यांना आपण दिसतो, तो नेमका फुलाखाली गेला. नाव सांगताना आत्याच्या पाठीत गुद्दे घालायची पद्धत आहे. तानूबाई सकाळपासून मुठी वळून हसत होती, "शालन, आज दोन वर्षांचा राग काढते बघ." सगळ्या आवरायला घरी गेल्या. हॉलमध्ये सर्जेराव एकटा, भोंग्याच्या माइकजवळ, पेढ्यांना राखण. त्या माइकमधलं बोलणं भोंग्यावरही जायचं आणि विलायतेलाही.

मी न्हाणीत होते. केसांना शिकेकाई लावलेली. साडेबारा झाले होते. आणि देवळावरच्या भोंग्यातून माझ्या भावाचा आवाज आला.

"आक्का! आलीस का? पडद्यावर नुसतं पिवळं दिसतंय."

माझ्या हातातला तांब्या पडला.

"आक्का, ऐकू येतंय ना? सगळे जमलेत बघ. शेजारच्या गोऱ्या बाईंनी केक आणलाय. वर जागा मोकळी ठेवलीय, नाव पडलं की लिहिणार. रेवती, बाळाला इकडं दे."

मी अंगावर लुगडं गुंडाळलं आणि धावले. केसांतून शिकेकाई डोळ्यांत उतरतेय. ओरडतेय, "थांब रे दिनकर! थांब!" पण माझं ओरडणं आळीत, आणि त्याचे कान विलायतेत. तानूबाई मुठी वळूनच दारातून बाहेर पडली. महादू हातात वस्तरा घेऊन पळतोय, मागं साबण लावलेलं गिऱ्हाईक. गंगूआजी काठी टाकून पळाल्या. सरपंच जेवणावरून उष्ट्या हातानं उठले. सगळं गाव हॉलकडं.

भोंग्यातून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. माझी भाची. पहिल्यांदाच तिचा आवाज कानावर पडला. मी आणखी जोरात धावले.

"हं आक्का," दिनकर म्हणाला. "फोन तिच्या कानाशी धरलाय. कुर्रर्र म्हणा सगळ्या! आक्का, आता नाव सांग!"

मी हॉलच्या पायरीवर पोचले. दार सताड उघडं. आत सर्जेराव उठून उभा राहिला. त्यानं एकदा आपला कान चाचपला, मी पिळलेला. मला बघितलं आणि शहाण्या पोरासारखी मान हलवली. सगळं आठवतंय, आक्का, अशी. मी दोन्ही हात हलवून नको नको करतेय. त्याला वाटलं, आक्का म्हणतायत, अजून मोठ्यांदा.

त्यानं माइक तोंडाशी घेतला. छाती फुगवली. कॅलेंडर झालं, नर्सबाई झाल्या, घड्याळं झाली, कावळा झाला. आज पहिल्यांदा सगळ्या गावाला खरा दोषी कोण ते नावानिशी ऐकू गेलं, आणि त्याच वेळी विलायतेत माझ्या भाचीच्या त्या इवल्या कानात पडलं:

"सर्जेराव!"